सुट्या भागांतून संगणक

कोलकात्यात धर्मतल्ल्याहून चित्तरंजन अॅव्हेन्यूने उत्तरेकडे निघाले म्हणजे थोड्याच अंतरावर चांदनी चौकाचा बाजार लागतो. पंखे, दिवे, वायरी, ध्वनिवर्धक, घड्याळाचे सेल, दुरुस्तीची हत्यारे अशा नाना वस्तूंनी येथल्या गल्ल्या भरलेल्या असतात. गेली काही दशके त्यांच्याच जोडीला संगणकाचे सुटे भाग विकणारी दुकाने या परिसरात दाटीने वसली आहेत. दुकान कसले, बहुधा ती एक काचेची पेटी, तिच्यामागे छतापर्यंत रचलेली पुठ्ठ्याची खोकी आणि त्या दोहोंच्या मध्ये कसाबसा मावणारा विक्रेता. गिऱ्हाईक हातात यादी घेऊन येते. यादीत सर्वांत वेगवान प्रोसेसर, सर्वांत मोठी हार्ड डिस्क, शिवाय रंगीत दिव्यांचे कॅबिनेट असे सारे काही असते. जाणता विक्रेता यादीकडे न पाहता आधी विचारतो, "दादा, यंत्रावर काम काय करायचे?"

प्रश्न साधा वाटतो, परंतु संगणक जुळवण्याच्या विद्येचा आरंभ त्यातच आहे. या नगराच्या बाबतीत तर तो बाजारापेक्षाही जुना आहे.

चांदनी चौकापासून काही मैल उत्तरेस, बराकपूर ट्रंक रोडवर, बराहनगर येथे भारतीय सांख्यिकी संस्था आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी ती १९३१ मध्ये स्थापन केली. स्वातंत्र्यानंतर देशातील राष्ट्रीय नमुना पाहणीचे आणि पुढे दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या आराखड्याचे मोठे काम या संस्थेकडे आले. नियोजनाचे गणित हा मोठा चमत्कारिक प्रकार असतो. पोलाद करावयाचे तर कोळसा हवा. कोळसा आणावयाचा तर रेल्वे हवी. आणि रेल्वे वाढवावयाची तर पुन्हा पोलादच हवे. म्हणजे प्रत्येक उद्योगाचे उत्पादन इतर सर्व उद्योगांवर अवलंबून. हा परस्परसंबंध मांडू गेले की एकसामयिक समीकरणांची मालिका तयार होते आणि ती सगळी एकदमच सोडवावी लागते. दोन अज्ञातांची समीकरणे शाळकरी मुलेही सोडवतात. दहा अज्ञातांची दहा समीकरणे नेहमीच्या निरसनपद्धतीने सोडवू गेल्यास ४३० गुणाकार-भागाकार करावे लागतात. अज्ञातांची संख्या दुप्पट, म्हणजे वीस केली, तर हा आकडा ३,०६० वर जातो. आकडेमोडीत एक चूक झाली तरी पुढचे सगळे वाया. हाताने चालविण्याच्या गणकयंत्रांवर हे काम करणाऱ्यांचे दिवसच्या दिवस त्यात जात असत.

तेव्हा १९५३ मध्ये याच संस्थेच्या प्रयोगशाळेत समरेंद्रकुमार मित्र यांनी दहा अज्ञातांची समीकरणे सोडविणारे एक विद्युत्-गणकयंत्र रचले. भारतात घडविलेल्या आद्य इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रांत त्याची गणना होते. हे यंत्र आजच्या संगणकासारखे अंकांवर चालणारे नव्हते. ते सादृश्य पद्धतीचे होते. अशा यंत्रात संख्येच्या ठिकाणी विद्युद्दाब योजतात. समजा, समीकरणात एखाद्या अज्ञाताचा सहगुणक ०.३ आहे, तर रोधाची खुंटी फिरवून विद्युद्दाबाचा तेवढाच अंश पुढे जाऊ द्यावयाचा. सगळ्या खुंट्या नीट लावल्या आणि मंडलातील दाब स्थिरावले की मापकावर उत्तर वाचावयाचे.

आता येथे भागांच्या निवडीला काय महत्त्व येते पाहा. अंकीय यंत्रात रोध शेकडा दोन टक्के कमीअधिक असला तरी बिघडत नाही, कारण त्या यंत्राला केवळ "आहे" की "नाही" एवढेच ओळखावयाचे असते. सादृश्य यंत्रात मात्र रोध हीच संख्या. तो शेकडा एक चुकला म्हणजे सहगुणकच शेकडा एक चुकला. निर्वात नलिका तापली, जुनी झाली, तिचा गुण बदलला की तो बदल उत्तरात उतरलाच. म्हणून अशा यंत्राची अचूकता त्याच्या रोधांच्या अचूकतेपलीकडे कधीही जात नाही. दहा अज्ञातांपुरते हे चालून जाते. पंचवीस-तीस अज्ञातांच्या कामाला हे साधन पुरे पडण्यासारखे नव्हते.

संस्थेने मग १९५५-५६ च्या सुमारास इंग्लंडहून हेक-टू-एम नावाचे अंकीय गणकयंत्र आणविले. देशात आलेले हे पहिले अंकीय गणकयंत्र. त्याची स्मृती एका फिरत्या चुंबकी नळकांड्यावर होती. हवी ती संख्या वाचणाऱ्या टोकाखाली फिरून येईपर्यंत गणना करणाऱ्या भागास वाट पाहत बसावे लागे. ही वाट पाहण्याची गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी. पुढे ती पुन्हा येणार आहे. दशकभराने संस्थेने यादवपूर विद्यापीठाच्या सहकार्याने ट्रान्झिस्टरवर चालणारे इसिजू-१ हे यंत्र स्वतः बांधले. ते १९६६ मध्ये चालू झाले. तत्पूर्वीच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हे यंत्र १९६० मध्ये कामास लागले होते. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या आणि स्मृती होती ४० अंकस्थानांच्या २,०४८ शब्दांची. आज चांदनी चौकात आठ गिगाबाइटची जी बोटभर रुंदीची रॅमपट्टी मिळते, तिच्यात याच्या आठ लाखांहून अधिक पट माहिती मावते.

भाग एकमेकांत बसतात कसे

त्या काळी यंत्र बांधणाऱ्याला भाग निवडून भागत नसे. ते एकमेकांशी बोलतील अशी व्यवस्थाही त्यालाच करावी लागे. आजचा विद्यार्थी एका देशात घडलेला प्रोसेसर, दुसऱ्या देशातील मदरबोर्ड आणि तिसऱ्या ठिकाणची रॅम विकत घेतो, आणि एका स्क्रूड्रायव्हरच्या बळावर तासा-दोन तासांत यंत्र उभे करतो. हे कसे शक्य झाले?

याचे श्रेय बव्हंशी एका घाईला द्यावे लागेल. अमेरिकेतील आयबीएम ही कंपनी आपल्या यंत्रांचे बहुतेक भाग स्वतः घडवीत असे. परंतु लहान संगणकांच्या बाजारात ती मागे पडली होती. वर्षभरात यंत्र तयार करावयाचे म्हणून तिच्या फ्लॉरिडा राज्यातील बोका रॅटन येथील एका लहानशा गटाने बाजारातलेच तयार भाग घेतले. इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर निवडण्याचे कारणही व्यावहारिकच होते: आतून तो सोळा अंकस्थानांचा असला तरी बाहेरच्या भागांशी आठच तारांनी माहितीची देवाणघेवाण करी, म्हणून स्वस्त जोडभाग त्याला चालत. ऑगस्ट १९८१ मध्ये हे यंत्र बाजारात आले. इतरांना जोडपट्ट्या करता याव्यात म्हणून त्याची आतील रचना कंपनीने छापून प्रसिद्ध केली. झाले! थोड्याच काळात इतर कारखान्यांनी त्याबरहुकूम यंत्रे काढली आणि भागांची मापे कोणा एकाच्या मालकीची राहिली नाहीत. पुढे १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स ही मापे ठरविली. बोर्ड ३०५ मिलिमीटर लांब, २४४ मिलिमीटर रुंद, आणि त्यावरील स्क्रूची भोके अमुकच ठिकाणी. ती आजही चालू आहेत. चांदनी चौकातले कोणतेही बोर्ड कोणत्याही कॅबिनेटात बहुधा बसते, ते याच बळावर.

बहुधा हा शब्द मुद्दाम वापरला आहे. बसणे आणि चालणे यांत अंतर असते. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या रॅमच्या दोन पिढ्यांचेच उदाहरण घ्या. दोहोंची लांबी सारखी, दोहोंना संपर्कबिंदू २८८. परंतु पहिलीस १.२ व्होल्ट दाब लागतो, दुसरीस १.१, आणि आतील रचना अगदी निराळी. चुकून एक दुसरीच्या जागी जाऊ नये म्हणून पट्टीच्या कडेला जी खाच असते ती थोडी सरकवून ठेवलेली आहे. खाच जुळत नसता जोर करणाऱ्याने बोर्ड फोडलेच म्हणून समजावे. प्रोसेसरचेही असेच. एएमडी कंपनीची एएम-४ बैठक १९६० च्या नव्हे, २०१६ च्या पिढीची, १,३३१ छिद्रांची. २०२२ मधील एएम-५ बैठक १,७१८ संपर्कांची, आणि तिच्यात टाचण्या प्रोसेसरवर नसून बोर्डावर असतात. एकीचा प्रोसेसर दुसरीत जाणार नाही. म्हणून प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांची खरेदी एकाच बैठकीत, एकमेकांना विचारून करावी. इंटेलच्या काही प्रोसेसरांच्या नावापुढे एफ हे अक्षर असते. त्यांच्यात चित्र उमटविणारा भागच नसतो. असा प्रोसेसर घेऊन जो ग्राफिक्स कार्ड घेत नाही, त्याच्या यंत्रात सर्व काही चालते, फक्त पडदा काळा राहतो.

एका वाचनालयाची यादी

समजा, एका शाळेच्या वाचनालयास संगणक जुळवावयाचा आहे. रक्कम एकदाच मिळणार आणि पुढील सात-आठ वर्षे दुसरी मिळण्याचा संभव नाही. कामे कोणती? ग्रंथांची सूची ठेवणे, मराठी-बंगाली मजकूर टंकणे, मुलांनी विश्वकोश चाळणे, एखादा विज्ञानपट पाहणे. या कामांत प्रोसेसर बराचसा वेळ रिकामाच बसतो. तेव्हा सर्वांत वेगवान प्रोसेसर घेणे म्हणजे गावच्या पाणवठ्यावर जाण्यासाठी शर्यतीचा घोडा पाळणे होय. याउलट चित्रपटाचे संकलन किंवा त्रिमिती रेखाटने करणाऱ्या विद्यार्थ्याला प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांवरच अर्ध्याहून अधिक रक्कम घालावी लागेल. दोघांच्या याद्या एक असूच शकत नाहीत, आणि एकाची यादी दुसऱ्याने उतरवून घेणे हीच बाजारात सर्वाधिक होणारी चूक आहे.

वाचनालयाने आपला पैसा जेथे वाट पाहावी लागते तेथे घालावा. नळकांड्याची गोष्ट येथे पुन्हा येते. प्रोसेसरच्या स्वतःच्या पोटात थोडीशी स्मृती असते. तिच्यातील माहिती त्यास सेकंदाच्या सुमारे एक अब्जाव्या भागात मिळते. रॅममधून ती आणण्यास याच्या नव्वदपट वेळ लागतो. एसएसडीमधून आणावयाची तर सुमारे एक लाखपट. आणि फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कमधून आणावयाची तर सुमारे एक कोटीपट. हे आकडे तोंडाने उच्चारता येतात, पण मनात उतरत नाहीत. म्हणून एक कल्पना करावी. अलिपूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात एक अभ्यासक बसला आहे. मेजावरचे पुस्तक उचलण्यास त्याला एक सेकंद लागतो. त्या मानाने रॅम म्हणजे दीड मिनिटात उठून आणता येणारे शेजारच्या फडताळातील पुस्तक. एसएसडी म्हणजे आज चिठ्ठी दिली की उद्या हाती पडणारे. आणि हार्ड डिस्क? चिठ्ठी दिल्यापासून जवळजवळ पावणेचार महिन्यांनी येणारे पुस्तक! मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडीही एका फेऱ्यास ८.३ सहस्रांश सेकंद घेते, त्यास कोणाचा इलाज नाही.

जुना संगणक मंद झाला म्हणून नवा प्रोसेसर मागणाऱ्याला एसएसडी बसवून दिली तर तो बहुधा समाधानाने परत जातो, याचे कारण हेच. आज प्रणाली आणि नित्याचे कार्यक्रम एसएसडीवर ठेवावे. छायाचित्रे, ध्वनिफिती, जुन्या नोंदी अशा साठवणीसाठी मोठी हार्ड डिस्क अजूनही स्वस्त व उपयुक्त आहे. रॅम घेताना सोळा गिगाबाइटची एकच पट्टी न घेता आठ-आठच्या दोन घ्याव्या. एका वाटेने जाणारी माहिती तेव्हा दोन वाटांनी जाते. डीडीआर-४ च्या ३२०० या प्रतीत एका वाटेने सेकंदास २५.६ गिगाबाइट जातात, दोहोंनी ५१.२. प्रोसेसरच्याच पोटातून चित्र काढणाऱ्या यंत्रात तर हा फरक डोळ्यांना दिसतो. बोर्डावर चार खाचा असतील तर आणखी उत्तम. दोन पुढच्यासाठी मोकळ्या राहतात.

कोलकात्याची हवा

सुट्या भागांच्या यादीत ज्याच्याकडे सर्वांत शेवटी लक्ष जाते आणि ज्यावर सर्वांत आधी काटकसर होते, तो भाग म्हणजे एसएमपीएस. भिंतीतील २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचे बारा, पाच आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करणारी ही पेटी. तिच्यावरील मोठ्या आकड्याला भुलू नये. वाचनालयाच्या यंत्रात प्रोसेसर भरात असताना ९० वॅट आणि बाकी सारे मिळून ५० वॅट, असे १४० वॅट धरले तरी पुष्कळ झाले. प्रश्न असतो तो कार्यक्षमतेचा. पेटी शेकडा ७० कार्यक्षम असेल तर १४० वॅट देण्यासाठी ती भिंतीतून २०० वॅट घेईल आणि ६० वॅटची उष्णता करील. ती शेकडा ८५ कार्यक्षम असेल तर १६५ वॅट घेईल व उष्णता करील अवघी २५ वॅटची. दिवसाला सहा तास, वर्षाला अडीचशे दिवस आणि पूर्ण भार धरला, तर हा ३५ वॅटचा फरक वर्षाला सुमारे ५२ युनिटांचा होतो. शिवाय हलकी पेटी बिघडली तर एकटी जात नाही. कधी कधी मदरबोर्डाला सोबत घेऊन जाते.

उष्णतेचा विचार तर बंगालच्या उन्हाळ्यात फारच अगत्याचा. परदेशी पुस्तकांतील आणि चाचण्यांतील तापमाने बहुधा थंड खोलीतली असतात. पंखा आणि धातूच्या पात्यांचा कूलर प्रोसेसरला खोलीहून थंड करूच शकत नाही. खोली आणि प्रोसेसर यांच्या तापमानांतील फरक तो आटोक्यात ठेवतो, एवढेच त्याचे काम. हा फरक ४५ अंश असेल तर २६ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७१ अंशांवर राहील. वैशाखात तीच खोली ३८ अंशांवर गेली की तोच प्रोसेसर ८३ वर जाईल. त्यात पात्यांत धूळ साचून फरक ६० पर्यंत वाढला तर बेरीज ९८ होते. शंभरीच्या आसपास बहुतेक प्रोसेसर स्वतःला वाचविण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतात. म्हणजे महाग प्रोसेसर घेऊन कूलर व कॅबिनेट यांत काटकसर करणाऱ्याला एप्रिल-मेमध्ये स्वस्त प्रोसेसरचाच वेग मिळतो, मूल्य मात्र महागाचे दिलेले असते! पुढून हवा आत घेणारे व मागून बाहेर टाकणारे, पुढच्या बाजूस धुळीची जाळी असलेले कॅबिनेट घ्यावे. पुढे काचेचा बंद पडदा आणि आत रंगीत दिवे असलेले कॅबिनेट दिसण्यास सुरेख असते खरे.

दमट हवेचा धोका चालू यंत्रापेक्षा बंद यंत्राला अधिक. चालू यंत्र सभोवतालच्या हवेपेक्षा उबदार असल्याने त्यात बाष्प साकळत नाही. पावसाळ्याच्या किंवा पूजेच्या सुटीत बंद खोलीत पडून राहिलेले यंत्र मात्र नंतर सुरू होत नाही, असे पुष्कळदा घडते. कारागीर रॅमपट्टी काढतो, तिचे सोनेरी संपर्क खोडरबराने घासतो, पुन्हा बसवतो. आणि यंत्र सुरू होते. युक्ती खरी आहे, पण तो सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. वरचेवर घासल्यास तो उतरतो आणि मग रोग कायमचा जडतो. कोरड्या स्वच्छ कापडाने पुसणे बरे. त्याहून बरे म्हणजे सुटीतही आठवड्यातून एकदा तासभर यंत्र चालू करणे.

जुन्या कोलकात्यातील पुष्कळ इमारतींत, आणि मुंबई-पुण्याच्या जुन्या वाड्यांतही, भिंतीवरील खटक्याला तिसरे छिद्र असते, परंतु त्यामागे भूमीला जोडणारी तार नसते. अशा ठिकाणी संगणकाच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. लोक यंत्र खराब निघाले म्हणून दुकानदाराशी भांडतात. वस्तुतः एसएमपीएसमध्ये विजेतील खरखर गाळण्यासाठी दोन लहान धारित्रे कॅबिनेटला जोडलेली असतात; भूमीची तार नसली की त्यांच्या मध्यावरचा दाब, म्हणजे २३० च्या निम्मा, कॅबिनेटवर येतो. प्रवाह अत्यल्प असतो, तरीही मुले हाताळणार असलेल्या यंत्राबाबत हे चालू देऊ नये. भाग खरेदी करण्यापूर्वी वीजकाम करणाऱ्यास बोलावून भूमीची तार तपासून घ्यावी. हा खर्च यादीतच धरावा. यूपीएस घेताना त्यावरील आकडा व्होल्ट-अॅम्पियरचा असतो, वॅटचा नव्हे, हेही पाहावे. ६०० व्होल्ट-अॅम्पियरची पेटी बहुधा साडेतीनशे वॅटच्याच आसपास भार उचलते.

जुळवणी हे त्यामानाने लहान काम. टेबल लाकडी असावे. हात लावण्याआधी अंगातील स्थितिविद्युत जाऊ देण्यासाठी भूमीला जोडलेल्या धातूस स्पर्श करावा. बोर्ड कॅबिनेटात नेण्याआधी बाहेरच प्रोसेसर, कूलर आणि रॅम बसवून घ्यावी. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावण्याच्या मलमाचा वाटाण्याएवढा ठिपका पुरतो. त्याचा हेतू दोन धातूंमधील हवेच्या बारीक पोकळ्या भरणे एवढाच असल्याने थर जाड झाला तर उष्णतेची वाट उलट अडते. दोन वीजजोड विसरले जातात: एक बोर्डाचा चोवीस टाचण्यांचा आणि दुसरा प्रोसेसरचा आठ टाचण्यांचा. दुसरा राहिला की पंखे फिरतात, दिवे लागतात आणि पडद्यावर काही येत नाही. चांदनी चौकात घाबऱ्याघुबऱ्या परत आलेल्या कित्येकांचे यंत्र तेथल्या तेथे त्या एका जोडाने सुरू होते.

पहिल्यांदा यंत्र सुरू झाल्यावर प्रणाली भरण्यापूर्वी बोर्डाच्या मूळ पानावर जावे. तेथे रॅमच्या दोन्ही पट्ट्या दिसतात की नाही, त्या आपल्या नेमल्या वेगाने चालत आहेत की कमी, पंख्यांचे फेरे किती आणि प्रोसेसरचे तापमान किती, हे सारे लिहिलेले असते. ते एका वहीत, तारखेसह आणि खोलीच्या तापमानासह, उतरवून ठेवावे. त्याच वहीत बिले चिकटवावी आणि प्रत्येक भागाचा अनुक्रमांक टिपून घ्यावा, कारण हमीच्या मुदतीत दुकानदार तोच मागतो. पुढल्या वैशाखात तापमान दहा अंशांनी चढलेले दिसले तर आधी वहीतले खोलीचे तापमान पाहावे, मग पात्यांतील धूळ झाडावी, आणि त्यानंतरच चांदनीची वाट धरावी.